मागे वळून पाहू नये

नरकचतुर्दशीच्या पहाटे आमच्या घरी दर वर्षी एक लहानसा वाद होतो. अभ्यंगस्नाने आटोपलेली असतात. तुळशीपुढे डाव्या पायाच्या अंगठ्याने कारीट चिरडून प्रत्येकाने आपापला नरकासुर मारलेला असतो. गोड पोहे, तिखट पोहे, दूधपोहे अशी पोह्यांची फौज स्वयंपाकघरात सज्ज असते, आणि नेमक्या त्या वेळी आतून आवाज येतो, "अहो, ती कारिटं कुणी उचलायची?"

असुराला मारायला घरातली लहानथोर सगळी पुढे. त्याचे प्रेत उचलायला कोणी तयार नाही! मुलगी म्हणते, मी रांगोळी घातली आहे. मुलगा म्हणतो, गेल्या वर्षी मीच उचलली होती. शेवटी घरातला कर्ता पुरुष या नात्याने ते काम माझ्याकडे येते. मी ती कडूजहर फळे गोळा करतो, आणि ती घेऊन अंगणात उभा राहतो. कारण खरा प्रश्न पुढेच असतो. टाकायची कुठे? तुळशीत नको, कडू आहेत. शेणकीत नको, लक्ष्मीपूजनाचे दिवस आहेत. वाटेवर नको, कुणाचा पाय पडेल.

तुमच्या घरीही हे असेच होत असणार. गणपतीच्या पाच दिवसांचे निर्माल्य, सत्यनारायणाच्या सुपाऱ्या, दसऱ्याच्या झेंडूच्या सुकलेल्या माळा, तडा गेलेली देवाची तसबीर, कुणाकुणाच्या मनगटावरचे विटलेले गंडेदोरे! पूजा सांगणारे भटजी पूजेचा विधी तासभर सांगतात. उरलेल्याचे काय करायचे ते मात्र उंबऱ्याबाहेर चपला घालता घालता सांगतात. मांडणे शिकवणारे पुष्कळ भेटतात, आवरणे शिकवणारा क्वचित.

या विषयाचा मी पुष्कळ विचार केला आहे. पण तो मला सुचवला घरातल्या वादाने नव्हे. साता समुद्रांपलीकडच्या एका बाईने सुचवला.

माझा एक जुना विद्यार्थी नोकरीनिमित्त अमेरिकेत असतो. मी कादंबऱ्या लिहितो म्हणून मला पुस्तकांखेरीज दुसरे काही आवडत नसणार, अशी त्याची समजूत आहे, आणि ती खरीच आहे. तीन पावसाळ्यांपूर्वी गावी आला तेव्हा त्याने माझ्या हातात एक पुस्तक ठेवले. 'म्यूल्स अँड मेन', लेखिका झोरा नील हर्स्टन, प्रथम प्रसिद्धी १९३५. माझे शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे, आणि इंग्रजी शाळेत शिकलो तेवढेच. तेव्हा एका मांडीवर पुस्तक आणि दुसऱ्या मांडीवर शब्दकोश, अशी माझी बैठक बसली. गंमत अशी की, निम्मे शब्द शब्दकोशात सापडेनात. हर्स्टनबाईंनी आपल्या माणसांचे बोलणे त्यांच्या तोंडून जसे निघाले तसेच कागदावर उतरवले आहे. आमच्या मालवणी बोलीत लिहिलेले पुस्तक एखाद्या इंग्रजाने पुण्याचा शब्दकोश घेऊन वाचायला बसावे, तशी माझी गत झाली. पण बोलीचा कान असलेल्या माणसाला बोली फार वेळ परकी राहत नाही. चारसहा दिवसांत ती माणसे माझ्या ओटीवर येऊन बसू लागली.

ही बाई १८९१ साली अलाबामात जन्मली आणि फ्लोरिडातल्या इटनव्हिल या गावी वाढली. हे सारे गाव कृष्णवर्णीयांचे. नगराध्यक्षापासून दुकानदारापर्यंत सगळे त्यांच्यातलेच. पुढे ती न्यूयॉर्कला गेली, फ्रान्झ बोआस या विख्यात मानववंशशास्त्रज्ञाच्या हाताखाली शिकली, आणि शिकून झाल्यावर आपल्याच लोकांच्या गोष्टी, गाणी नि तोडगे गोळा करायला परत दक्षिणेत आली. पुस्तकाच्या पहिल्या भागात लोककथा आहेत. दुसऱ्या भागात 'हूडू' आहे.

हूडू म्हटले की सिनेमे पाहणाऱ्याला बाहुलीत टाचण्या खुपसणारी चेटकीण आठवते. ते चित्र बाजूला ठेवावे. आफ्रिकेच्या पश्चिम आणि मध्य भागांतून लाखो माणसे गुलाम करून अमेरिकेत नेली गेली. बरोबर काहीही नेण्याची त्यांना मुभा नव्हती. पण डोक्यातले कोण काढून घेणार? तिकडच्या आठवणी, इथल्या मूळच्या रहिवाशांकडून कळलेल्या मुळ्या आणि पाला, मालकांच्या बायबलातली स्तोत्रे, या साऱ्यांतून अमेरिकेच्या दक्षिण भागात जी एक घरगुती विद्या तयार झाली, ती हूडू. हैतीचा व्हूडू हा एक धर्म आहे, त्याला त्याचे पुरोहित आणि देवता आहेत. हूडूवाला माणूस रविवारी ख्रिस्ती देवळात जातो आणि सोमवारी खिशात मुळी बाळगतो. आजारपण, रुसलेला नवरा, सुटलेली नोकरी, कोर्टातला दावा, मालकाचा राग, असल्या रोजच्या दुखण्यांवरचे ते तोडगे. हर्स्टनबाई नुसत्या टिपणे घेत बसल्या नाहीत. न्यू ऑर्लिअन्सला एका जाणत्यापाशी दीक्षा घेण्यासाठी त्या एकोणसत्तर तास अन्नावाचून पालथ्या पडून राहिल्या. आम्ही मास्तरलोक तीन तासांच्या परीक्षेवर देखरेख करून थकतो!

ते पुस्तक संपले, तरी विषय सुटला नाही. विद्यार्थ्याला पत्रे लिहून मी आणखी मागवत गेलो, तो धाडत गेला. हायट नावाचा एक गोरा पाद्री १९३६ ते १९४० या काळात दक्षिणेत गावोगाव हिंडला आणि सोळाशेंवर माणसांच्या तोंडून त्याने हे तोडगे ऐकून घेतले. त्याचे पाच जाडजूड खंड पुढे १९७० पासून निघाले. असे मिळेल ते तुकड्यातुकड्यांनी वाचत असताना एक गोष्ट माझ्या हळूहळू लक्षात आली. तोडगा कसा करायचा, याला त्या लोकांच्या लेखी जेवढे महत्त्व आहे, तेवढेच उरलेल्याचे काय करायचे यालाही आहे. मेणबत्ती जळून गेली, तिचे मेण उरले. मुळ्या उकळून अंघोळ झाली, पाणी उरले. पुडी बांधली, काम झाले, पुडी उरली. ती कुठेही भिरकावली तर सगळे केले ते फुकट!

त्यांचे नियम मोठे नेटके आहेत. जे घालवायचे आहे ते वाहत्या पाण्यात सोडायचे. पाणी ते घेऊन जाते. जे जवळ ठेवायचे आहे, घरात प्रेम राहावे, पैसा टिकावा म्हणून जे केले आहे, त्याचे उरलेले आपल्या परसात किंवा उंबऱ्यापाशी पुरायचे. ज्याचा भार एकट्याला सोसवत नाही ते चौरस्त्यावर ठेवायचे. चारी दिशांच्या वाटा ते वाटून घेतात. जे कायमचे संपवायचे त्याला कबरस्तान. तिथली मूठभर माती तोडग्यासाठी आणायची असेल, तर मोबदल्याचे नाणे तिथे ठेवायचे. मेलेल्याचेही फुकट घ्यायचे नाही! अंगावरची पीडा उतरवणाऱ्या अंघोळीचे पाणी भांड्यात धरून ठेवायचे आणि सूर्य उगवताना पूर्वेकडे तोंड करून फेकायचे. जमीन धुण्यालासुद्धा दिशा आहे. चांगले घरात यावे म्हणून धुताना रस्त्याकडून आत धूत यायचे. वाईट बाहेर घालवायचे तर मागच्या दारापासून धूत धूत पुढच्या उंबऱ्याबाहेर जायचे. कापलेले केस आणि नखे कुणाच्या हाती लागू द्यायची नाहीत. हे वाचताना मी शब्दकोश मिटून ठेवला. माझी आजी माझी नखे कागदात बांधून कुठे पुरत असे, ते मला नीट आठवत होते.

मला त्यात पटले ते एवढेच की, या माणसांच्या हिशेबी केर असा नाहीच. प्रत्येक उरलेल्या वस्तूला जायला एक जागा आहे, आणि ती माणसाने स्वतः पायांनी चालत जाऊन दाखवायची आहे.

मग एके रात्री तो नियम समोर आला. चौरस्त्यावर उरलेले ठेवून झाले, किंवा डाव्या खांद्यावरून मागच्या पाण्यात टाकून झाले, म्हणजे काय करावे? सरळ घरी चालत जावे. मागे वळून पाहू नये.

मी पुस्तक मिटले. बाहेर पाऊस कोसळत होता. घरात सगळी झोपली होती. आतल्या खोलीत आईचा खोकला तेवढा अधूनमधून ऐकू येत होता. पुढचे जे सांगणार आहे, ते त्या रात्रीपर्यंत मी कुणालाही सांगितले नव्हते.

१९८७ सालचा श्रावण. मी नऊ वर्षांचा होतो, माझी धाकटी बहीण चार वर्षांची. वडील मुंबईत. १९८२ च्या संपात त्यांची गिरणी सुटली ती सुटलीच. नंतर ते कुठे कुठे मिळेल ते काम करीत आणि जमेल तेव्हा मनिऑर्डर धाडीत. धाकटीला ताप भरला. आईने आधी काढे दिले, मग तिला कडेवर घेऊन भर पावसात एस. टी. ने तालुक्याला नेऊन आणले. औषधाची बाटली आली, पुड्या आल्या. ताप उतरेना. तिसऱ्या दिवशी शेजारच्या काकी आईला म्हणाल्या, "एकदा उतरून तरी टाक."

आईचा या गोष्टींवर विश्वास होता की नव्हता, ते मला आजही सांगता येणार नाही. तापाने फणफणलेले मूल समोर असताना हा प्रश्न विचारायला सवड कुणाला असते? तिने भाताचा मुटका केला, त्यावर हळदकुंकू घातले, लिंबू, सुक्या मिरच्या, मीठमोहरी, सारे केळीच्या पानाच्या तुकड्यावर ठेवले, आणि धाकटीवरून तीनदा ओवाळले. तिन्हीसांजा झाल्या होत्या. आजी धाकटीपाशी बसली. मी कंदील घेतला, आईने पान घेतले, आणि आम्ही तिठ्याकडे निघालो.

निघताना आजीने बजावले होते, "बोलू नको. आणि फाटी वळान बघू नको."

तिठा आमच्या घरापासून पाच मिनिटांच्या वाटेवर. एक वाट देवळाकडे, एक नदीकडे, एक आमच्या वाडीकडे. आईने पान मधोमध ठेवले, हात जोडले, आणि ती वळली. मी कंदील घेऊन तिच्या मागे. दहापंधरा पावले आलो असू, तोच पाठीमागे पाल्यात सळसळ झाली. नऊ वर्षांच्या पोराच्या मानेला हाड नसते. मी वळून पाहिले.

शेजाऱ्यांचा लंगडा कुत्रा होता. ज्या इडापिडेला आम्ही हळदकुंकू लावून जेवण वाढले होते, ते जेवण तो शेपटी हलवत गपागप खात होता. मी क्षणभर तिथेच थबकलो, मग धावत आईला गाठले. पायांवर पाणी घेऊन आम्ही घरात शिरलो. आजीने विचारले, "बघलंस नाय ना?" मी मान हलवून नाही म्हटले.

पाचव्या दिवशी पहाटे धाकटी गेली.

आज मी शाळेत मुलांना शिकवतो. तापाची कारणे शिकवतो. त्या मुलीला मेंदूचा ज्वर झाला असावा. वेळेवर मोठ्या इस्पितळात पोहोचली असती तर कदाचित वाचली असती, कदाचित नसती. तापाला कान नसतात, डोळे नसतात. एक मुलगा मागे वळला की नाही, हे त्याला कळत नाही. २०१३ साली महाराष्ट्रात जादूटोणाविरोधी कायदा झाला, तेव्हा शाळेत मी त्यावर अर्धा तास बोललो होतो. मुलांनी टाळ्या वाजवल्या होत्या. आणि त्याच संध्याकाळी बाजारातून येताना तिठा ओलांडल्यावर मी मागे पाहिले नव्हते. एकदाही नाही. बुद्धीला पटलेली गोष्ट मानेपर्यंत पोहोचायला किती वर्षे लागतात, याचा हिशेब कुठल्याच पुस्तकात नाही.

त्या रात्रीनंतर मी ती पुस्तके वेगळ्याच ओढीने वाचू लागलो. जे मला माझ्या गावात कुणाला विचारता आले नव्हते, ते मी त्या परक्या लोकांना विचारत होतो. तुमचे काय? तुमच्यातले कुणी मागे पाहिले, तर त्याचे पुढे काय होते?

याचे उत्तर काही मिळाले नाही. दुसरेच काही मिळाले.

मेरीलँडमधल्या अ‍ॅनापोलिस गावी चार्ल्स कॅरोल या बड्या जमीनदाराचे घर आहे. अमेरिकेच्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यावर सही करणाऱ्यांपैकी हा एक. आणि शेकडो गुलामांचा मालकही. १९९१ साली संशोधकांनी या घराच्या तळमजल्यावर, जिथे त्याचे गुलाम वावरत, तिथली जमीन खणली. फरशीखाली त्यांना स्फटिकाचे खडे सापडले, भोके पाडलेल्या हाडाच्या चकत्या सापडल्या, एक काळा गुळगुळीत गोटा सापडला, आणि त्यांच्याबरोबर निळे चांदणीसारखे चिन्ह असलेल्या चिनीमातीच्या वाडग्याचा तळ. कुणीतरी दोनशे वर्षांपूर्वी हे सारे जपून तिथे ठेवले होते. वर मालकाचा दिवाणखाना. त्यात स्वातंत्र्याच्या गप्पा. खाली ज्यांना स्वतःचे शरीरही स्वतःचे म्हणता येत नव्हते, अशी माणसे. त्यांच्या नावावर इंचभर जमीन नव्हती. पण कुठल्या वस्तूची जागा कुठे, हे त्यांना पक्के ठाऊक होते. मला वाटते, ज्याच्याजवळ काही नसते त्यालाच उरलेल्याची किंमत कळते. नदी मालकाची नव्हती, चौरस्ता मालकाचा नव्हता. तेवढ्या जागा त्यांनी आपल्या मानल्या.

दुसरी गोष्ट त्यांच्या थडग्यांची. जॉर्जिया आणि साउथ कॅरोलायनाच्या किनाऱ्यावर जुन्या काळी माणूस मेला की त्याने अखेरच्या वापरलेल्या वस्तू थडग्यावर मांडीत. पाणी प्यायलेला पेला, औषधाची बाटली, बशी, दिवा, शिंपले. पण मांडण्याआधी त्या फोडीत किंवा त्यांना भोक पाडीत. का, तर ही साखळी इथेच तुटावी, घरातल्या दुसऱ्या कुणी मेलेल्याच्या मागोमाग जाऊ नये.

हे वाचले आणि मला आमच्या माळ्यावरचे फुलपात्र आठवले.

धाकटीचे एक पितळी फुलपात्र होते, तिच्या मुठीत मावेल एवढे. अखेरचे पाणी ती त्यातूनच प्यायली होती. तिच्यामागे आईने ते फोडले नाही, कुणाला दिले नाही, नदीत सोडले नाही. आणि वापरलेही नाही. फडक्यात बांधून माळ्यावर टाकले. घर दोनदा शाकारले, पुढे कौले जाऊन स्लॅब पडला. दर वेळी ते गाठोडे खाली आले आणि कुणी काही न बोलता पुन्हा वर गेले.

माळा ही मोठी फसवी जागा. तिथे ठेवलेली वस्तू गेली, असे म्हणता येत नाही. आणि आहे, असेही नाही. हूडूवाल्यांच्या सगळ्या जागा मी मनात मोजून पाहिल्या. पाणी, चौरस्ता, उंबरा, कबरस्तान. त्यांच्यात माळा नाही. आणि मग मला कळले की, नुसते फुलपात्रच नव्हे, मीसुद्धा काहीतरी तीन तपांहून अधिक काळ तिथेच टाकून ठेवले आहे.

आता हर्स्टनबाईंचे शेवटचे सांगतो. त्या १९६० च्या जानेवारीत फ्लोरिडात फोर्ट पीअर्स गावी, सरकारी अनाथगृहासारख्या एका घरात, विपन्नावस्थेत वारल्या. त्यांच्या नावाचा दगडसुद्धा थडग्यावर बसला नाही. तो १९७३ साली अ‍ॅलिस वॉकर या लेखिकेने शोधत जाऊन बसवला. त्या गेल्यावर त्यांचे सामान आवरणाऱ्यांनी कागदांचा ढीग अंगणात पेटवून दिला. जिने आयुष्यभर दुसऱ्यांच्या विधींचे उरलेसुरले सांभाळले, तिचे उरलेले असे चालले होते. तेवढ्यात एक ओळखीचा पोलिस अधिकारी रस्त्याने चालला होता. त्याला धूर दिसला. तो थांबला आणि त्याने पाणी मारून आग विझवली. त्यातले कडा जळलेले कागद आज फ्लोरिडाच्या विद्यापीठात जतन करून ठेवले आहेत.

तो माणूस मान न वळवता सरळ निघून गेला असता तर?

हा प्रश्न पडला, त्याच आठवड्यात मी आईशी बोललो. आई आता थकली आहे. दुपारी ओटीवर खांबाला टेकून ती नारळाच्या झावळ्यांचे हीर काढत बसते. मी तिच्याजवळ बसलो आणि तिला त्या दूरदेशीच्या बायाबापड्यांच्या गोष्टी सांगू लागलो. अंघोळीचे पाणी पूर्वेला फेकतात म्हटल्यावर ती हसली. मेलेल्याच्या मातीचे पैसे देतात, हे तिला फार आवडले. मग मी तिठ्याची गोष्ट सांगितली, त्यांच्या तिठ्याची. आणि ती सांगता सांगता आमच्या तिठ्यावर आलो.

"आये," मी म्हणालो, "त्या दिवशी मी मागे वळून बघितलं होतं. आजीला खोटं सांगितलं."

आईचा हात थांबला नाही. तिने एक हीर सोलून बाजूला ठेवला, दुसरा घेतला.

"माका ठाऊक आसा," ती म्हणाली.

"कसं?"

"बघितलंय मां मी. तू थय कुत्र्याक बघीत रवलस, आणि मी तुका."

मी तिच्याकडे बघतच राहिलो. ती तशीच पुढे म्हणाली, "कंदिलाचो उजेड पाठसून येवचो बंद झालो. काळोख. माज्या पाठसून पॉर येता की नाय, ता बघूक नको काय?" आणि मग, पुष्कळ वेळाने, आवाज अगदी खाली आणून, "माका वाटला, माज्यामुळाच झाला ता."

म्हणजे एवढी वर्षे एका छपराखाली, एका ताटातले जेवून, आम्ही दोघे एकच ओझे वेगवेगळे वाहत होतो. मला वाटत होते, मी पाहिले म्हणून ती गेली. आईला वाटत होते, तिने पाहिले म्हणून. एकाने दुसऱ्याला एकदा विचारले असते, तर! पण आमच्या घरांत मेलेल्या मुलांविषयी बोलत नाहीत. त्यांना माळ्यावर ठेवतात.

मी आईला तापाविषयी सांगितले. शाळेत मुलांना सांगतो तसे, सविस्तर. तिने ते निमूट ऐकून घेतले. शेवटी म्हणाली, "ता माका कळता रे." तिला ते खरोखरच कळत होते. मलाही कळत होते. पण त्या दुपारी आम्हा दोघांना बरे वाटले, ते माझ्या मेंदूज्वराच्या माहितीने नव्हे. दोघांनी मागे पाहिले होते, आणि दोघांनी एकमेकांना पाहताना पाहिले नव्हते असे आता राहिले नव्हते, यानेच ते वाटले.

मागे वळून पाहू नये, हा नियम तिकडच्या आणि इकडच्या शहाण्या माणसांनी कशासाठी केला असावा? भुताच्या भीतीने केला, असे मला आता वाटत नाही. जे ठेवून आलो ते ठेवून आलो. पुन्हा पुन्हा जाऊन ते उघडून पाहण्याची माणसाच्या मनाला खोड असते, तिला घातलेला तो लगाम असावा. नियम चांगला आहे. पण मागून लेकरू येत असेल, तर आईने वळून पाहावे. कुणाचे आयुष्यभराचे कागद जळत असतील, तर वाटसरूने थांबून पाहावे. कुठले उरलेले सोडून द्यायचे आणि कुठल्यासाठी मान वळवायची, हे ज्याला उमगले त्याला निम्मे आयुष्य उमगले. मला ते उमगायला पंचेचाळिशी ओलांडावी लागली, आणि अमेरिकेपर्यंत जावे लागले. तेही शब्दकोश मांडीवर घेऊन.

गेल्या दिवाळीच्या आदल्या दिवशी घर झाडताना ते गाठोडे पुन्हा खाली आले. मुलीने विचारले, "हे कुणाचं?" मी आईकडे पाहिले. आई म्हणाली, "तुझ्या आत्येचा." घरात तो शब्द पहिल्यांदाच उच्चारला गेला. मुलीला आपल्याला एक आत्या होती, हे त्या दिवशी कळले. मग तिने शंभर प्रश्न विचारले, आणि आईने त्यांतल्या बहुतेकांची उत्तरे दिली. धाकटीला काय आवडायचे, ती कशी बोलायची, शेवग्याची शेंग चोखताना कशी डोळे मिटायची. मला ठाऊक नव्हते असे कितीतरी त्या दुपारी बाहेर आले.

मी आईला विचारले, याचे काय करायचे? नदीत सोडू या का?

"नदीत कशाक?" आई म्हणाली. "चिंच लावन घास. तेल काढूक होयत."

तेव्हा या वर्षी नरकचतुर्दशीच्या पहाटे आमच्याकडे अभ्यंगाचे तेल त्या फुलपात्रातून निघेल. माझी मुलगी ते लख्ख घासून ठेवणार आहे. आणि कारिटांवरून वाद होईल तो होईलच. ती उचलायचे काम अर्थात माझ्याकडे येईल. ती कुठे टाकायची, ते मी ठरवून ठेवले आहे. देवळाच्या वाटेला ओढा आहे, ऑक्टोबरातही त्याला पाणी असते. तुळशीपुढची सगळी गोळा करून, पोहे थंड होण्याआधी, मी चालत जाऊन ती त्यात सोडून येईन.

येताना मागे पाहणार नाही. मात्र मुलगी बरोबर आली, आणि तिची पावले ऐकू येईनाशी झाली, तर पाहीन.